जॉन वेस्ली : एका कारभाऱ्याची निरवानिरव

वाचकहो, जॉन वेस्ली हे नाव ऐकले की आपल्या मनश्चक्षूंपुढे घोड्याच्या पाठीवर बसून पुस्तक वाचत निघालेला, पहाटे पाच वाजता उपदेशास उभा राहणारा आणि उघड्या माळावर कोळशाच्या खाणीतील मजुरांशी बोलणारा एक ठेंगणा इंग्रज धर्मोपदेशक उभा राहतो. ते चित्र खरेच आहे. परंतु आज मी आपणांस ह्याच मनुष्याच्या टेबलाच्या खणाकडे नेणार आहे. त्या खणात त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या होत्या, प्रार्थनामंदिरांचे दस्त होते आणि अखेरच्या वर्षांत त्यांचे मृत्युपत्रही होते.

आपल्या ख्रिस्ती घरांतून मृत्युपत्राचा विषय काढला की काहीतरी अभद्र बोलल्यासारखे सर्वांना वाटते. मुले गप्प होतात, आई डोळ्यांना पदर लावते आणि वडील उद्या पाहू म्हणून वर्तमानपत्र उघडतात. त्यामुळेच वेस्लींच्या आयुष्याचा हा भाग आपल्या सभांतून फारसा सांगितला जात नाही. तो सांगण्याजोगा आहे, असे मला अनेक वर्षांपासून वाटत आले आहे.

जॉन वेस्लींचा जन्म १७०३ साली इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यातील एपवर्थ ह्या गावी झाला. वडील सॅम्युएल हे तेथील अँग्लिकन धर्मगुरू होते. माणूस विद्वान, स्वभावाने ताठ आणि पैशांच्या व्यवहारात अगदीच कच्चा. मुले पुष्कळ, उत्पन्न बेताचे आणि कर्ज कायमचे. १७०५ साली सुमारे तीस पौंडांच्या देण्यापायी ह्या धर्मगुरूंना लिंकनच्या किल्ल्यातील तुरुंगात जावे लागले. त्या वेळी जॉन दोन वर्षांचे होते. पुढे १७०९ च्या फेब्रुवारीत राहते घर जळाले आणि पाच वर्षांच्या जॉनला खिडकीतून ओढून काढण्यात आले. ही दुसरी गोष्ट आपण शब्बाथशाळेत मुलांना सांगतो. तुरुंगाची मात्र सांगत नाही.

१७३५ च्या एप्रिलमध्ये सॅम्युएल वारले तेव्हाही देणी शिल्लक होतीच. ज्या दिवशी त्यांना मूठमाती देण्यात आली, त्याच दिवशी जमिनीच्या मालकिणीने पंधरा पौंडांच्या थकलेल्या खंडासाठी त्यांची सारी जनावरे जप्त केली. जनावरांची किंमत चाळीस पौंडांहून अधिक होती. विधवा सुसान्नाबाईंपाशी स्वतःचे असे घर उरले नाही. त्या ह्या मुलाकडून त्या मुलाकडे राहू लागल्या आणि अखेर जॉनने लंडनमध्ये घेतलेल्या जुन्या तोफखान्याच्या इमारतीत, म्हणजे फाउंड्रीत, १७४२ साली त्यांनी देह ठेवला. वडिलांच्या मृत्यूच्या वेळी जॉन एकतीस वर्षांचे होते. त्यांनी पुढे आयुष्यभर पै-पैचा हिशेब का ठेवला, ह्याचे निम्मे उत्तर मला तरी एपवर्थच्या त्या गोठ्यात सापडते.

उरलेले निम्मे उत्तर ऑक्सफर्डला आहे. १७२६ साली लिंकन कॉलेजची फेलोशिप मिळाल्यावर त्यांच्या हातात प्रथमच बरा पैसा आला. एकदा थंडीच्या दिवसांत एक गरीब मुलगी त्यांच्याकडे आली. तिच्या अंगावर पातळ कपडा होता. तिला काही द्यावे म्हणून त्यांनी खिसा चाचपला, तो जवळजवळ रिकामा निघाला. खोलीच्या भिंतींवर मात्र नुकतीच विकत घेतलेली चित्रे टांगलेली होती. ती चित्रे त्या मुलीच्या अंगावरील पांघरुणातून चोरलेली आहेत, असे त्यांच्या मनाने घेतले. ह्याच काळातील एका ऑक्सफर्डच्या तरुणाचा हिशेब त्यांनी पुढे आपल्या एका उपदेशात दिला आहे, आणि तो तरुण ते स्वतःच होत असे सर्व चरित्रकार मानतात. पहिल्या वर्षी तीस पौंड मिळाले. अठ्ठावीस खर्चले, दोन दिले. दुसऱ्या वर्षी साठ मिळाले. खर्च अठ्ठावीसच, बत्तीस दिले. तिसऱ्या वर्षी नव्वदातून बासष्ट दिले, चौथ्या वर्षी एकशे वीसांतून ब्याण्णव. मिळकत चौपट झाली तरी माणूस त्याच अठ्ठावीस पौंडांत राहिला.

आपण दशमांशाबद्दल पुष्कळ ऐकतो. हा हिशेब दशमांशाच्या पलीकडचा आहे, आणि तो वाचताना मला नेहमी थोडा संकोच होतो, हे कबूल केले पाहिजे.

पैशांच्या उपयोगाविषयी त्यांनी १७६० साली जो उपदेश छापला, त्यातील तीन मुद्दे प्रसिद्ध आहेत : प्रामाणिकपणे जितके मिळवता येईल तितके मिळवावे, जितके राखता येईल तितके राखावे आणि जितके देता येईल तितके द्यावे. मिळवण्याचे व राखण्याचे मुद्दे लोकांनी फार लवकर आत्मसात केले, अशी खंत स्वतः वेस्लींनीच उतारवयात व्यक्त केली. परंतु त्या उपदेशातील एक भाग फारसा कोणी वाचत नाही. मागे मुलांना काय ठेवावे, ह्याचा त्यात सरळ विचार आहे. ज्याला पैशाची किंमत कळते आणि जो त्याचा देवाच्या इच्छेप्रमाणे विनियोग करील असे एखादे अपत्य असेल, तर बहुतेक संपत्ती त्याच्या हाती सोपवावी. तसे कोणी नसेल तर प्रत्येकाला उपाशी राहावे लागणार नाही, आजवरच्या राहणीप्रमाणे चरितार्थ चालेल इतके द्यावे, आणि बाकीचे देवाच्या कार्याला लावावे. मुलांना काहीच देऊ नये असे वेस्लींनी कोठेही म्हटलेले नाही. मंडळीला देणगी द्यायची म्हणजे मुलाबाळांच्या तोंडचा घास काढायचा अशी ज्यांची समजूत आहे, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पुस्तकांच्या विक्रीतून वेस्लींना पुढे खूप उत्पन्न होऊ लागले. त्यांनी हयातीत एकंदर तीस हजार पौंडांच्या आसपास दान केले असावे, असा चरित्रकारांचा अंदाज आहे. सरकारी कर खात्याचा मात्र ह्यावर विश्वास बसेना. एवढा नामांकित मनुष्य, घरात चांदीची भांडी असणारच, असे समजून १७७६ साली खात्याने त्यांना विचारणा केली. त्यांनी कळवले की लंडनला चांदीचे दोन चमचे आहेत आणि ब्रिस्टलला दोन. अवतीभोवती इतके लोक भाकरीला मोताद असता ह्याहून अधिक घेण्याचा विचार नाही. मार्गारेट ल्यूएन नावाच्या एका श्रद्धाळू स्त्रीने १७६६ साली मृत्युपत्राने त्यांना एक हजार पौंड ठेवले होते. ते इतक्या झपाट्याने वाटले गेले की धाकटी बहीण मार्था मदतीसाठी विचारू लागली तेव्हा त्यातले काही उरलेच नव्हते. बहिणीला काय वाटले असेल ते आपण समजू शकतो. ह्या बाबतीत ते थोडे कठोर होते असे मला वाटते. पण मृत्युपत्रात त्यांनी ह्या बहिणीचे नाव विसरले नाही, हेही पुढे येईल.

घरच्या माणसांच्या बाबतीत मात्र त्यांनी लिखापढी टाळली नाही. १७४९ साली चार्ल्स ह्यांचा विवाह वेल्समधील सारा ग्विन ह्यांच्याशी ठरला. मुलीच्या आईने वर्षाला शंभर पौंडांची हमी मागितली. फिरत्या उपदेशकाकडे कसली हमी असणार? जॉननी आपल्या पुस्तकांच्या उत्पन्नावर ती रक्कम लावून दिली. स्वतः जॉननी १७५१ साली मेरी व्हॅझेल ह्या विधवेशी विवाह केला. तिच्याजवळ दहा हजार पौंडांची रोख्यांत गुंतवलेली संपत्ती होती. लग्नापूर्वीच दस्त करून ती सर्व तिच्या व तिच्या मुलांच्या नावे बांधून टाकण्यात आली. वेस्लींचा त्यातील एका पैशावरही हक्क राहिला नाही. हा संसार सुखाचा झाला नाही, हे सर्वश्रुत आहे. पण तीस वर्षांच्या त्या कटुतेत पैशाचा वाद तरी शिरला नाही. १७८१ साली ती वारली तेव्हा उरलेले पाच हजार पौंड तिने मुलाला ठेवले आणि पतीला एक अंगठी. (येथे जाता जाता सांगतो : आपल्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती व्यक्तीने विवाह केला की विवाहापूर्वी केलेले तिचे मृत्युपत्र आपोआप रद्द होते. पुनर्विवाह करणाऱ्या कित्येकांना हे ठाऊक नसते.)

आतापर्यंतची गोष्ट सोपी होती, कारण ती वेस्लींच्या स्वतःच्या पैशाची होती. आपले ते वाटून टाकले की झाले. जे आपले नाही, पण आपल्या नावावर आहे, त्याचे काय करायचे? खरा पेच तेथे होता आणि तो पहिल्याच वर्षी उभा राहिला.

१७३९ च्या मे महिन्यात ब्रिस्टल येथे मेथडिस्टांच्या पहिल्या सभागृहाचा पाया घातला गेला. न्यू रूम नावाची ती वास्तू आजही उभी आहे. वेस्लींनी प्रथम अकरा विश्वस्त नेमले होते आणि पैशांचा भार ते उचलतील असे गृहीत धरले होते. तसे घडले नाही. दीडशे पौंडांहून अधिक देणे वेस्लींच्या डोक्यावर आले. तेवढ्यात त्यांचे मित्र जॉर्ज व्हाइटफील्ड ह्यांचे व इतर मित्रांचे लंडनहून पत्र आले की विश्वस्त असेपर्यंत आम्ही मदत करणार नाही, कारण तुमचा उपदेश न आवडल्यास हेच विश्वस्त तुम्हांला तुम्हीच बांधलेल्या घरातून बाहेर काढतील. वेस्लींना ते पटले. त्यांनी विश्वस्तांना रजा देऊन इमारत स्वतःच्या नावावर केली, आणि कर्जही. ते कर्ज फेडण्यासाठी १७४२ साली ब्रिस्टलच्या सभासदांनी दर आठवड्याला माणशी एक पेनी जमवण्याचे ठरवले. बारा-बारा जणांमागे एक वसूल करणारा नेमला गेला. हा वसूल करणारा घरोघर जाऊ लागला, तेव्हा कोण कसा वागतो तेही त्याला दिसू लागले, आणि त्यातूनच मेथडिस्टांचे प्रसिद्ध वर्ग निर्माण झाले. मेथडिस्ट मंडळ्यांतील वर्गनायकाची परंपरा इमारतीच्या कर्जातून जन्मली, हे वाचून आपणांस कदाचित हसू येईल.

इमारती वाढत गेल्या. सर्वच एका माणसाच्या नावावर ठेवणे धोक्याचे होते; तो मेला की वारसदार आलेच. म्हणून पुढे स्थानिक विश्वस्तांच्या नावे दस्त करण्याचा एक नमुना तयार करण्यात आला आणि १७६३ साली तो सर्वत्र लागू झाला. त्याप्रमाणे इमारत विश्वस्तांनी सांभाळायची. व्यासपीठावर मात्र वेस्ली, त्यांच्यामागे चार्ल्स, नंतर विल्यम ग्रिमशॉ आणि त्यांच्याही मागे उपदेशकांच्या वार्षिक कॉन्फरन्सने नेमलेले उपदेशक ह्यांचाच अधिकार. व्यवस्था वरवर पाहता निर्दोष होती. पण कॉन्फरन्स म्हणजे कोण? वेस्ली दरवर्षी स्वतःला वाटेल त्या उपदेशकांना पत्र पाठवून बोलावीत, त्यांचा सल्ला घेत आणि निर्णय स्वतः करीत. बोलावणारा गेला की कॉन्फरन्स उरतच नव्हती. शेकडो दस्तांत लिहिलेल्या त्या एका शब्दाला कायद्याच्या दृष्टीने काही अर्थ नव्हता.

वाचकहो, ही केवळ अठराव्या शतकातील अडचण नाही. आपल्याकडेही कितीतरी वृद्ध सभासद मृत्युपत्रात आपले घर किंवा ठेव आमच्या मंडळीला, एवढेच लिहून मोकळे होतात. कोणती मंडळी? गावातल्या कमिटीला, की धर्मप्रांताला? पुष्कळ ठिकाणी मंडळीची स्थावर मालमत्ता चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ट्रस्ट असोसिएशन किंवा चर्च ऑफ साउथ इंडिया ट्रस्ट असोसिएशन अशा नोंदणीकृत संस्थांच्या नावावर असते. ज्या मृत्युपत्रातून निश्चित हेतू कळत नाही, ते संदिग्धतेमुळे रद्द ठरते, असे आपला १९२५ चा वारसा कायदा सांगतो. योग्य नाव कोणते, हे पाळकसाहेबांना विचारायला पाच मिनिटे लागतात.

वेस्लींना जाग आणली ती यॉर्कशायरमधील बर्स्टल गावाने. १७८२ साली तेथील प्रार्थनामंदिर नव्याने बांधायचे ठरले आणि विश्वस्तांनी दस्तच बदलून वेस्लींच्या पश्चात उपदेशक नेमण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. वृद्ध वेस्लींनी भिडेखातर त्यावर सही केली आणि नंतर पश्चात्ताप केला. एका गावाने केले ते उद्या सर्व गावे करतील, हे त्यांच्या लक्षात आले. तसे झाले असते तर मेथडिस्ट मंडळी अनेक स्वतंत्र सभागृहांत विखुरली असती आणि आज इकडे, उद्या तिकडे जाणाऱ्या फिरत्या उपदेशकांची पद्धत संपली असती. वेस्लींचे वय त्या वेळी एकोणऐंशी होते. डॉ. थॉमस कोक हे त्यांचे सहकारी कायद्याचे पदवीधर होते. त्यांनी नामांकित वकिलाचा अभिप्राय घेतला आणि कॉन्फरन्स ह्या शब्दाची कायदेशीर व्याख्या करणारा दस्त तयार करण्यात आला.

२८ फेब्रुवारी १७८४ रोजी वेस्लींनी त्यावर सही केली आणि ९ मार्चला तो चॅन्सरी न्यायालयात नोंदवला गेला. त्या काळच्या इंग्लंडात अशा नोंदणीला फार महत्त्व होते. १७३६ च्या एका कायद्याने धर्मादाय कार्यासाठी मृत्युपत्राने जमीन देणे बंदच केले होते. जमीन द्यायची तर हयातीत, दोन साक्षीदारांसमक्ष, मृत्यूपूर्वी किमान बारा महिने दस्त करून तो सहा महिन्यांच्या आत चॅन्सरीत नोंदवावा लागे. मरणासन्न माणसाला भिववून धर्मगुरूंनी जमिनी लिहून घेऊ नयेत, हा त्यामागील हेतू. ह्या कायद्याची सावली थेट आपल्यापर्यंत पोहोचली होती. आपल्या वारसा कायद्याच्या ११८ व्या कलमानुसार पुतण्या-भाच्यांएवढे जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती व्यक्तीला धार्मिक कार्यासाठी काही ठेवायचे, तर मृत्युपत्र मरणापूर्वी बारा महिने आधी केलेले व सहा महिन्यांत सुरक्षित ताब्यात दिलेले असणे आवश्यक होते. केरळातील एका धर्मगुरूंनी ह्याविरुद्ध दाद मागितली आणि २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. अजूनही काही वडीलधारी मंडळी, आता उशीर झाला, वर्षभर जगण्याचा भरवसा नाही, असे म्हणून मृत्युपत्र टाळतात. त्यांना हे अवश्य सांगावे. आता सर्वसामान्य ख्रिस्ती व्यक्तीला सही आणि दोन साक्षीदार एवढे पुरते. मात्र ज्याला काही मिळायचे आहे त्याला किंवा त्याच्या पतिपत्नीला साक्षीदार करू नये. मृत्युपत्र टिकते, पण त्याची देणगी बुडते. गोव्यातील वाचकांना ठाऊक असेलच की तेथील वेगळ्या कायद्यामुळे मुले असल्यास निम्म्या मिळकतीचीच व्यवस्था आपल्या मर्जीप्रमाणे लावता येते.

वेस्लींच्या घोषणापत्रात शंभर उपदेशकांची नावे होती. हे शंभर जण म्हणजे कॉन्फरन्स. त्यांनी दरवर्षी भरायचे, पाच दिवसांपेक्षा कमी नाही आणि तीन आठवड्यांपेक्षा अधिक नाही. निदान चाळीस हजर असल्याशिवाय कामकाज वैध नाही. कोणी मेला किंवा निघून गेला तर बाकीच्यांनी जागा भरायची. कोणाही उपदेशकाला एका ठिकाणी सलग तीन वर्षांपेक्षा अधिक नेमायचे नाही. तीन वर्षे सभा भरलीच नाही तर सारे अधिकार संपुष्टात येऊन इमारती विश्वस्तांकडे जायच्या. आपल्या पश्चात आपली संस्था मोडली तर काय, हेदेखील त्यांनी लिहून ठेवले, ह्याचे मला विशेष वाटते.

पण उपदेशक एकशे नव्वदच्या आसपास होते. शंभरांची नावे आली, म्हणजे नव्वद जण वगळले गेले. त्यांत वर्षानुवर्षे चिखलातून, दगडांच्या माऱ्यातून फिरलेले जुने सहकारी होते. ज्येष्ठ जॉन हॅम्पसन ह्यांनी छापील विनंतीपत्र काढून ह्याविरुद्ध आवाज उठवला. त्याच वर्षी लीड्सच्या कॉन्फरन्समध्ये वातावरण इतके तापले की मॅडलीचे साधुवृत्तीचे धर्मगुरू जॉन फ्लेचर ह्यांनी गुडघे टेकून वेस्लींना आणि उपदेशकांनाही समेटासाठी विनवले. समेट झाला, पण टिकला नाही. हॅम्पसन पितापुत्र दोघेही सोडून गेले. मुलाने पुढे वेस्लींचे एक चरित्र लिहिले. त्यात फार गोडवा नाही.

वेस्लींनी सर्वच उपदेशकांची नावे घालायला हवी होती का? एवढ्या माणसांना दरवर्षी एकत्र आणणे खर्चाचे होते आणि मंडळ्या तेवढे दिवस उघड्या पडल्या असत्या, असे त्यांचे म्हणणे होते. ते पटण्यासारखे आहे. परंतु कोणाला काय दिले जात नाही आणि का, हे आधी बोलून दाखवण्याचे काम त्यांनी केले नाही. वगळलेल्यांना ते दस्तातून कळले. घरातील एखाद्या मुलाला वडिलांचे मन वकिलाच्या कचेरीत कळावे, तसेच हे झाले.

ती जखम त्यांनाही बोचत राहिली असली पाहिजे. कारण ७ एप्रिल १७८५ रोजी चेस्टर मुक्कामी त्यांनी एक पत्र लिहिले आणि आपला विश्वासू सोबती जोसेफ ब्रॅडफर्ड ह्याच्या स्वाधीन केले. आपल्या मृत्यूनंतरच्या पहिल्या कॉन्फरन्समध्ये ते द्यायचे होते.

दस्ताचा उपयोग झाला का? १७८८-८९ साली ड्यूझबरीच्या विश्वस्तांनी आपले नवे प्रार्थनामंदिर ह्या नमुन्याप्रमाणे बांधून देण्याचे नाकारले आणि ते हातचे गेले. जेथे दस्त नीट होते तेथे असे झाले नाही. अर्ध्या शतकानंतर डॉ. सॅम्युएल वॉरन ह्यांच्या वादात प्रकरण न्यायालयात गेले, तेव्हा १८३५ साली लॉर्ड चॅन्सलर लिंडहर्स्ट ह्यांनी हे घोषणापत्र व कॉन्फरन्सचा अधिकार मान्य केला. शंभरांची ही व्यवस्था १९३२ साली ब्रिटनमधील मेथडिस्ट मंडळ्या एक होईपर्यंत चालली.

एवढे झाल्यावर वैयक्तिक मृत्युपत्र उरले. ते २० फेब्रुवारी १७८९ चे आहे आणि वाचताना माणूस समोर बसून बोलतो आहे असे वाटते. पुस्तकांचा साठा लंडनच्या तीन मित्रांकडे, कॉन्फरन्सच्या सर्वसाधारण निधीसाठी. पण त्यातून चार्ल्सच्या विधवेला व मुलांना वर्षाला पंच्याऐंशी पौंडांचे वर्षासन आधी द्यायचे. चार्ल्स वर्षभरापूर्वी वारले होते. चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्या सासूबाईंना दिलेला शब्द येथे पाळला गेला. किंग्जवुडच्या शाळेतील सामान गरीब उपदेशकांच्या मुलांच्या शिक्षणासाठी. बहीण मार्था हयात असल्यास तिला पुस्तकांच्या पहिल्या पैशांतून चाळीस पौंड. ती हयात होती, आणि भावामागे चारच महिन्यांनी गेली. पत्नीच्या नातींना खणातील नाणी. झगे प्रार्थनामंदिरातच राहावेत, तेथे येणाऱ्या धर्मगुरूंच्या वापरासाठी. बाकीचे कपडे ज्यांना सर्वांत गरज आहे अशा चार उपदेशकांना. घड्याळ जोसेफ ब्रॅडफर्डला. मृत्यूच्या वेळी खिशात व खणात जी रोकड सापडेल ती चार उपदेशकांत सारखी वाटावी. जे उपदेशक आपल्यामागे सहा महिने टिकून राहतील, त्या प्रत्येकाला उपदेशांचे आठ खंड. आणि शव वाहून नेणाऱ्या सहा गरीब माणसांना मिळून सहा पौंड. शवगाडी नको, बग्ग्या नकोत, कसलाही थाट नको.

ह्या मृत्युपत्रात एकच कलम सैल राहिले. आपली सर्व हस्तलिखिते त्यांनी डॉ. कोक, डॉ. जॉन व्हाइटहेड व हेन्री मूर ह्या तिघांना दिली आणि ती जाळावीत की छापावीत हे त्यांच्यावर सोपवले. कागद कोणाजवळ राहावेत आणि तिघांचे पटले नाही तर काय, हे लिहिले नाही. व्हाइटहेड ह्यांच्यावर चरित्रलेखनाचे काम सोपवले गेले, त्यांनी सारे कागद स्वतःजवळ ठेवून घेतले आणि बाकीच्या दोघांना पाहू देईनात. कोक आणि मूर ह्यांनी १७९२ साली कागदांविना घाईघाईने दुसरेच चरित्र छापले. व्हाइटहेड ह्यांचे दोन खंड १७९३ व १७९६ साली निघाले, आणि ह्या भांडणात एका प्रामाणिक वैद्याचे आपल्या मंडळीशी बिनसले. कागद अखेर परत आले, ते जॉन पॉसन ह्यांच्या हाती पडले. जे आत्मिक उन्नतीला उपयोगी नाही ते नष्ट करावे अशा समजुतीने त्यांनी पुष्कळसे जाळून टाकले. त्यात स्वतः वेस्लींनी समासांत टिपणे केलेली शेक्सपिअरच्या नाटकांची प्रतही गेली. जो मनुष्य एका शब्दाची व्याख्या करून शेकडो इमारती वाचवतो, त्याच्याच हातून असे ओझरते कलम लिहिले जावे!

१७९० च्या जुलैमध्ये हात इतका थरथरू लागला की त्यांनी जमाखर्चाची वही कायमची मिटली. जितके राखता येईल तितके राखतो व जितके देता येईल तितके देतो, म्हणजे जे काही आहे ते सर्वच देतो, ह्याची आपली खात्री आहे, एवढी नोंद करून ते थांबले. २ मार्च १७९१ रोजी सकाळी लंडनमधील सिटी रोडवरील घरात सत्त्याऐंशीव्या वर्षी त्यांनी प्राण सोडला. दर्शनाला इतके लोक लोटले की दफनविधी ९ मार्चला पहाटे पाच वाजताच उरकावा लागला. विधी चालवणारे जॉन रिचर्डसन ह्यांनी प्रार्थनेतील बंधू ह्या शब्दाच्या जागी पिता असे म्हटले, आणि दिव्यांच्या उजेडात उभ्या असलेल्या लोकांना हुंदका आवरला नाही. सहा गरीब माणसांनी आपापला एक-एक पौंड घेतला.

ब्रिटनमध्ये तेव्हा मेथडिस्टांची संख्या सुमारे ७२,००० होती. आता पुढे कोण, ह्याची कुजबुज लगेच सुरू झाली. डॉ. कोक अमेरिकेत होते. बातमी कळताच ते जहाजाने घाईने परतले. महिनाही उलटला नव्हता तोच काही उपदेशक हॅलिफॅक्सला जमले आणि त्यांनी सर्वांना पत्र पाठवले की ह्यापुढे एका माणसाच्या हाती सत्ता नको, अध्यक्ष वर्षापुरता निवडावा. जुलैअखेर मँचेस्टरला कॉन्फरन्स भरली. दस्तातील शंभर आत येऊन बसले आणि वगळलेलेही आले. कोणाच्या मनात काय होते ते त्या खोलीतील प्रत्येकाला ठाऊक होते.

तेव्हा जोसेफ ब्रॅडफर्डने सहा वर्षे जपून ठेवलेले पत्र पुढे केले. त्यात वेस्लींनी त्या शंभर जणांना विनवले होते की दस्ताचा आधार घेऊन आपल्या इतर बांधवांवर वरचढपणा करू नका. उपदेशकांच्या नेमणुका करताना, शाळेतील मुले निवडताना, निधी वाटताना पक्षपात होऊ देऊ नका. मी हयात असताना जसे चालले तसेच चालू ठेवा. ते वाचून होताच कॉन्फरन्सने एकमुखाने ठराव केला की दस्तात नाव असलेल्या सभासदांना जे अधिकार आहेत, ते पूर्ण दीक्षित अशा प्रत्येक उपदेशकाला असतील. कायद्यापुढे शंभर राहिले. खोलीत सर्व सारखे झाले.

अध्यक्षपदासाठी डॉ. कोक ह्यांचे नाव अनेकांच्या मनात होते, त्यांच्या स्वतःच्याही असावे. सभेने त्यांना सेक्रेटरी केले आणि विल्यम थॉम्पसन ह्यांना अध्यक्ष निवडले, एका वर्षासाठी. १७९२ साली वर्ष संपले तेव्हा थॉम्पसन त्या खुर्चीतून उठले आणि अलेक्झांडर मॅथर तीत बसले.